नालवाडीचा उन्हाळा आणि चेंडूची खतावणी

वर्ध्याहून नागपूरकडे निघालेला रस्ता शहराची हद्द ओलांडतो न ओलांडतो तोच नालवाडी लागते. शहराला इतकी चिकटलेली की, गाव कोठे संपले आणि वर्धा कोठे सुरू झाले हे नवख्या माणसास सांगता येऊ नये. मे महिन्यात सकाळी नऊनंतर या रस्त्यावर डोक्याला दुपट्टा बांधल्यावाचून कोणी बाहेर पडत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतपा लागला की घराच्या भिंतीही रात्री उशिरापर्यंत उष्ण राहतात. शाळा बंद असतात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे येथील विद्यार्थ्याच्या हाती सात-आठ आठवड्यांचा सलग काळ येतो. वर्षातील सर्वांत मोठी सुटी आणि वर्षातील सर्वांत असह्य ऊन, या दोहोंची गाठ येथे निसर्गानेच घालून दिली आहे.

नववीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी या सुटीत बास्केटबॉलचा चेंडू हाती घेऊ लागली की, घरात पहिला प्रश्न उपस्थित होतो तो दहावीचा. शिकवणी वर्ग मे महिन्यातच सुरू झालेले असतात. शुल्काचा पहिला हप्ता भरलेला असतो. अशा वेळी ‘खेळून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्या पित्यास मूर्ख ठरविण्याचे कारण नाही. त्याचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहारानेच द्यावयास हवे. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य आणि राज्यातून राष्ट्रीय, असा त्यांचा क्रम आहे. विहित स्तरापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूस दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे शासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. मात्र वर्ध्याच्या संघाला जिल्हा जिंकल्यावर विभागात गाठ पडते ती नागपूरच्या मुलांशी. ती मुले बारा महिने मार्गदर्शकाच्या नजरेखाली खेळत असतात. शाळा सुरू झाल्यावर अभ्यास, पाऊस आणि चाचणी परीक्षा यांतून जो वेळ उरतो, त्यात ही तफावत भरून निघणे कठीण आहे. भरून निघाली तर ती या सात-आठ आठवड्यांतच.

गंमत अशी की, हा खेळ मुळात उन्हाळ्यासाठी जन्मलाच नाही. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने, बाहेर बर्फ पडत असताना तरुणांना छताखाली खेळता यावे म्हणून तो रचला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या फळांच्या टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि झाला खेळ सुरू. ज्याला आज ड्रिबल म्हणतात तो चेंडू आपटत नेण्याचा प्रकार त्या तेरा नियमांत नव्हताच. तो पुढे खेळाडूंनीच शोधून काढला. आपल्या देशात हा खेळ आला तो वाय.एम.सी.ए.च्या मार्गाने. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याला प्रथम पदकाचा मान मिळाला. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात चिखल तुडवीत झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरविले. त्याच ऑलिंपिकच्या वेळी वर्ध्याच्या शेजारच्या अमरावतीहून, १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण बर्लिनला गेले होते आणि त्यांनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. वऱ्हाडातील आखाड्यांच्या मुलांना जगाच्या मैदानाचे भय वाटत नव्हते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

हिवाळ्यातील छताखालचा खेळ वैशाखाच्या उन्हात सिमेंटच्या मैदानावर खेळावयाचा, तर पहिला विचार घड्याळाचा. वर्ध्यास मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडते. साडेपाच ते साडेसात हे दोन तास सोन्याचे. आठनंतर सिमेंट तापू लागते आणि ते संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडीत राहते. त्यामुळे सायंकाळचा सराव वाटतो तितका थंड नसतो. शरीराला उष्णतेत श्रम करण्याची सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. महिनाभर परीक्षेसाठी पंख्याखाली बसलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी दोन तास धावणे हे शौर्य नव्हे. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास, तोही सावकाश. मग हळूहळू वाढ. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, अंगावर काटा, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काहीही दिसले तर खेळ तत्काळ थांबवून सावलीत नेणे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे आणि भान हरपत असेल तर विलंब न लावता रुग्णालय गाठणे, हे प्रत्येक पालकास व सोबत्यास ठाऊक असले पाहिजे. उष्माघात हा साधा थकवा नाही. तो जीव घेतो.

येथे आपल्या घरांतील एक विशेष अडचण लक्षात घ्यावी लागते. जेथे चौविहार पाळला जातो तेथे सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. मे अखेरीस येथे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. सायंकाळी साडेसातपर्यंत घाम गाळून आलेला मुलगा मग सकाळपर्यंत तहानलेला राहील. अशा श्रमानंतरची ही तहान व्रताच्या खात्यावर टाकून विसरता येण्यासारखी नाही, ती आरोग्याचा प्रश्न आहे. उपाय सरळ आहे : अशा घरच्या मुलांनी सराव सकाळीच करावा. सायंकाळी घरात बसून होणारी हलकी कामे करावीत आणि दुपारपासूनच थोडे थोडे उकळून गार केलेले पाणी पीत राहावे. सकाळच्या सरावास जाताना पाण्याची बाटली भरलेली असावी. परतल्यावर मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, पन्हे, ताक यांपैकी काहीही चालेल. बाजारातील रंगीत पेये आणण्याची गरज नाही.

प्रथिनांविषयीही अकारण धास्ती बाळगली जाते. डब्यातील भुकटीच्या जाहिराती पाहून ‘आपल्या शाकाहारात मुलाची ताकद कशी वाढणार?’ असे विचारणारे पालक भेटतात. मूग, मटकी, भिजविलेले चणे, तूर, शेंगदाणे, दूध आणि पनीर यांनी वाढत्या वयाची गरज भागते. मात्र त्यांचे प्रमाण श्रमाबरोबर वाढले पाहिजे. दोन पोळ्यांचा मुलगा दोन तास खेळू लागला की तो तीन-चार पोळ्यांचा होणार, हे गृहिणीस आधीच सांगून ठेवलेले बरे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत ताक आणि डाळ वेगवेगळ्या वेळी द्यावी, एवढेच.

श्रम आणि अन्न यांचा हिशेब जुळला नाही तर काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी नालवाडीबाहेर जावयास नको. विनोबा भावे १९३२ साली वर्ध्याच्या आश्रमातून नालवाडीस येऊन राहिले. सूतकताईच्या मजुरीवरच उदरनिर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. दिवसाचे आठ-नऊ तास ते कातीत, किती सूत निघाले ते मोजीत, आणि उजव्या हाताबरोबर डाव्या हातालाही कताईची सवय लावीत. मजुरी तुटपुंजी, आहार त्याहून तुटपुंजा, प्रकृती ढासळली. १९३८ साली ते याच रस्त्यावर पुढे असलेल्या पवनारला, धाम नदीच्या काठी गेले. तेथे त्यांनी औषधाऐवजी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ खणणे आणि मग रोज थोडा थोडा वेळ वाढवीत जाणे, असा क्रम त्यांनी ठेवला आणि शरीर पुन्हा भरून आले. त्यांना खेळाडू म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु मोजमाप, दोन्ही हातांचा अभ्यास आणि श्रमाची क्रमाने वाढ या तीन गोष्टी आजचा कोणताही मार्गदर्शक आपल्या खेळाडूस सांगतो, आणि त्या या गावच्या मातीत नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेल्या आहेत.

आता प्रत्यक्ष खेळाकडे. उंची हाती नसते, पण हात हाती असतो. बहुतेक शालेय खेळाडू उजव्या हाताने चेंडू सफाईने आपटतात आणि डावीकडे वळण्याची वेळ आली की गोंधळतात. प्रतिस्पर्धी चतुर असेल तर पाच मिनिटांत हे ओळखतो आणि उजवी बाजू बंद करून टाकतो. म्हणून उन्हाळ्यातील चेंडूचा निम्म्याहून अधिक सराव डाव्या हाताने व्हावा. त्यासाठी मैदानही लागत नाही. अंगणात किंवा गच्चीच्या सावलीत, गुडघे किंचित वाकवून, मान वर ठेवून, चेंडूकडे न पाहता तो आपटत राहणे. मग तोच चालत, मग धावत, मग मांडलेल्या विटांमधून वळणे घेत. पंधरा मिनिटे पुरेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हात आपोआप ऐकू लागतो. बास्केटखाली डाव्या हाताने लेअप घालणे हेही असेच. पहिले आठ दिवस हसे होते, त्यामुळे बहुतेक मुले नवव्या दिवशी सोडून देतात.

नेमबाजीचे गणित तर कागदावर मांडण्याजोगे आहे. रिंगचा आतील व्यास ४५ सेंटिमीटर, मुलांच्या ७ क्रमांकाच्या चेंडूचा सुमारे २४ सेंटिमीटर. म्हणजे वरून पाहिले तर जागा भरपूर. परंतु चेंडू सपाट फेकला आणि तो ३० अंशांच्या कोनात खाली आला, तर त्याच्या दृष्टीने रिंगची रुंदी उरते अवघी साडेबावीस सेंटिमीटर, चेंडूहूनही कमी! तो कड्याला न लागता आत जाऊच शकत नाही. हाच कोन ४५ अंशांचा झाला की रुंदी सुमारे ३२ सेंटिमीटर होते. उंच कमान काढणाऱ्याचा चेंडू जास्त वेळा का पडतो, याचे उत्तर या साध्या त्रिकोणमितीत आहे. आणि दहावीच्या अभ्यासक्रमात त्रिकोणमिती आहेच, हे पालकांच्या कानावर घालण्यास हरकत नाही. कमान साधण्यासाठी प्रथम बास्केटपासून एका पावलावर उभे राहून, एकाच हाताने, कोपर चेंडूखाली ठेवून, शेवटी मनगट पुढे सोडीत टाकावे. तेथे सलग दहा पडले की एक पाऊल मागे. बहुतेक मुले मैदानात पाऊल टाकताच ६.७५ मीटरवरच्या तीन गुणांच्या रेषेमागून फेकू लागतात. त्यात दूरदर्शनचा दोष अधिक.

मैदान दूर असेल तर घरचे बास्केटही करता येते, पण ते मापात असावे. १६ मिलिमीटर जाडीच्या सळईचे सुमारे १४६ सेंटिमीटर लांबीचे वेटोळे वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतले की आतील व्यास ४५ सेंटिमीटर भरतो. ते जमिनीपासून बरोबर ३.०५ मीटरवर बसवावे आणि फ्री थ्रोची खूण फळीपासून आडव्या अंतराने ४.६० मीटरवर करावी. अडीच मीटरवर रिंग लावून घेतलेला सराव शाळेच्या मैदानावर उलटा पडतो.

आणि आता खतावणी. दोनशे पानांची वही घ्यावी. रोज सरावाच्या शेवटी, अंग थकलेले असताना, ५० फ्री थ्रो घ्यावेत. कारण सामन्यात ते थकलेल्या अंगानेच घ्यावे लागतात. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात घेतलेले, तिसऱ्यात पडलेले. पन्नास दिवसांत अडीच हजार नोंदी होतात. या वहीचा एक धोका मात्र आहे. ज्या मुलाचे कौशल्य ५० पैकी ३० चे आहे, त्याचे एखाद्या दिवशी २७ पडतील आणि दुसऱ्या दिवशी ३३. त्यात ना अधोगती आहे, ना प्रगती. रोजच्या आकड्यावर खूश किंवा खट्टू होणारा मुलगा शेअरबाजारात रोज भाव पाहणाऱ्या माणसासारखा दमून जातो. आठवड्याची बेरीज करावी आणि पहिल्या आठवड्याची पाचव्याशी तुलना करावी. खोटी नोंद करू नये, हे सांगणे नको. ती नोंद सप्टेंबरच्या सामन्यात उघडी पडते.

असा हिशेबी सराव करून किती दूर जाता येते? अमेरिकेच्या मिसुरी राज्यात क्रिस्टल सिटी नावाचे काचकारखान्याचे एक छोटे गाव आहे. तेथील बँकेच्या अध्यक्षांचा मुलगा, १९४३ साली जन्मलेला बिल ब्रॅडली, शाळेत असताना रोज शाळा सुटल्यावर साडेतीन तास सराव करी आणि उन्हाळ्याच्या सुटीतही रोज सुमारे तीन तास. समोर खेळाडू नाहीत म्हणून त्याने मैदानात खुर्च्या मांडल्या आणि त्यांना चुकवीत चेंडू नेला. चेंडूकडे पाहण्याची खोड जावी म्हणून चष्म्याच्या खालच्या बाजूस पुठ्ठा चिकटविला. बुटांत शिशाचे वजनही घातले. हे शेवटचे मात्र वाढत्या गुडघ्यांच्या मुलांनी करू नये. शालेय जीवनात त्याने तीन हजारांहून अधिक गुण नोंदविले. क्रीडा शिष्यवृत्त्या सोडून तो प्रिन्स्टन विद्यापीठात शिकण्यास गेला, १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकला, न्यूयॉर्कच्या संघातून १९७० व १९७३ ची अजिंक्यपदे मिळविली आणि पुढे अठरा वर्षे अमेरिकेच्या सिनेटचा सभासद राहिला. खेळ आणि अभ्यास एका घरात नांदू शकत नाहीत असे मानणाऱ्यांनी या बँकवाल्याच्या मुलाची गोष्ट ध्यानात घ्यावी. अर्थात प्रत्येक ब्रॅडलीमागे असेच श्रम करून गावाच्या संघातच राहिलेली शेकडो मुले असतात, हेही तितकेच खरे. मायकेल जॉर्डनला शाळेने संघातून हाकलले, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा मात्र जरा फुगविलेली आहे. १९७८ साली त्याला वरिष्ठ संघात न घेता कनिष्ठ संघात ठेवले होते, इतकेच. तेथे तो खेळला, वाढला आणि पुढच्या वर्षी वर गेला.

मुलींचा प्रश्न निराळा आहे आणि तो खेळाचा कमी, घराचा जास्त आहे. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगी मैदान सोडते ती बहुधा तिला खेळ आवडेनासा झाला म्हणून नव्हे. पहाटे साडेपाचला तिच्यासोबत जाण्यास कोणी उठत नाही म्हणून. दोन-तीन घरांनी मिळून पाळी लावली तर ही अडचण सुटते. एका आईने सोमवारी, दुसरीच्या वडिलांनी मंगळवारी. मुलींनी ६ क्रमांकाचा थोडा लहान चेंडू वापरावा. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देता मऊ, वाकलेल्या गुडघ्यांवर उतरण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी, कारण गुडघ्याच्या अस्थिबंधाची गंभीर दुखापत मुलींमध्ये अधिक आढळते. रक्तातील हिमोग्लोबिन सुटीच्या आरंभीच तपासून घेतलेले चांगले. धाप लागते ती सरावाअभावी की रक्ताअभावी, हे मग अंदाजाने ठरवावे लागत नाही.

विश्रांतीबद्दल दोन शब्द. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटी, आणि गुडघ्याच्या वाटीखाली सतत दुखत असेल तर उड्या बंद करून वैद्यकीय सल्ला. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पाच वाजता उठावयाचे म्हणजे रात्री नऊला निजणे आले. आणि नेमक्या याच दिवसांत आयपीएलचे सामने रात्री साडेअकरापर्यंत चालतात. किती मुलांचा उन्हाळी सराव मैदानावर नव्हे तर दिवाणखान्यातील सोफ्यावर बुडाला, याची गणती नाही. वडीलधाऱ्यांनी संच नऊला बंद केला तर मुले करतील. लग्नसराईचे दिवस आणि मामाच्या गावचा आठवडा यांचीही वजाबाकी आधीच करून ठेवावी. चेंडू हवा काढून पिशवीत मावतो आणि मामाच्या अंगणातही आपटतो.

शिकवणीचा वर्ग सकाळी आठ किंवा नऊचा असेल तर सराव आटोपून, आंघोळ करून, पोटभर न्याहारी घेऊन तेथे वेळेवर पोहोचता येते. वेळापत्रक दोघांनी, पित्याने आणि मुलाने, एकत्र बसून लिहावे, आणि त्यात अभ्यासाचे तासही त्याच वहीत नोंदवावेत. एक आठवडा अभ्यासाची बाजू रिकामी राहिली तर पुढच्या आठवड्यात चेंडू कपाटात, अशी अट घालणारा पिता आणि ती मान्य करणारा मुलगा यांच्यात मग रोजची कुरबुर होत नाही.

जूनच्या मध्यावर पहिला पाऊस येतो. सिमेंटच्या मैदानावरची धूळ चिखल होते, पाय घसरू लागतात आणि त्या दिवशी सराव बंद ठेवावा लागतो. आठवड्याभराने शाळेची घंटा वाजते. संघनिवडीची सूचना फलकावर लागते. बुटांचे तळ झिजलेले असतात, चेंडूवरच्या रबराचे दाणे गुळगुळीत झालेले असतात आणि वहीची काही पाने अजून कोरी असतात.